एकाच नावाची भुतं

माझ्या पत्त्यात एक कंस आहे. सावंगी (मेघे), जिल्हा वर्धा. ऑनलाइन काही मागवलं आणि हा कंस टाकायचा राहिला, तर डिलिव्हरीवाला फोन करून विचारतोच, "मॅडम, कोणती सावंगी?" त्याचंही बरोबर आहे. विदर्भात शोधायला गेलात तर पायलीच्या पन्नास सावंग्या सापडतील.

आमच्या जिल्ह्यात असे कंस बरेच आहेत. वर्ध्याला लागून सिंदी (मेघे) आहे, आणि नागपूरकडे जाताना गाडी थांबते ती सिंदी (रेल्वे). आमचं घर ज्या तालुक्यात आहे तो कारंजा (घाडगे). तिकडे वाशिम जिल्ह्यात कारंजा (लाड). आष्टीला १९४२ च्या हुतात्म्यांमुळे (शहीद) लागलं. कंसात कधी घराण्याचं नाव, कधी रेल्वे, कधी हौतात्म्य. नाव चार जणांत वाटलेलं, कंस मात्र ज्याचा त्याचा.

भयपटांना असा कंस नसतो, त्यामुळे भलतेच घोळ होतात.

मी सावंगीत नर्सिंग शिकते. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही चौघी, आणि चौघींचं एकमेकींशी जमण्याचं मुख्य कारण हॉरर. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत चौघी चार गावी होतो, म्हणून ठरवलं की रात्री दहाला सगळ्यांनी आपापल्या फोनवर 'भूत' लावायचा आणि ग्रुपवर बोलत बोलत बघायचा. दहा-वीसला पहिला मेसेज आला, "अजय देवगण इतका शांत कसा राहू शकतो?" दुसरीनं विचारलं, "अजय देवगण कुठे आहे? माझ्याकडे विकी कौशल एकटाच जहाजात फिरतोय." तिसरीकडे मनीषा कोईराला होती. चौथीनं लिहिलं, "माझा ब्लॅक अँड व्हाइट आहे आणि मेहमूद नाचतोय."

राम गोपाल वर्माचा 'भूत' २००३ चा, त्याचाच 'भूत रिटर्न्स' २०१२ चा, जुहूच्या किनाऱ्याला लागलेल्या जहाजाचा 'भूत' २०२० चा, आणि मेहमूदचा 'भूत बंगला' १९६५ चा. चौघींनी आपापला सिनेमा शेवटपर्यंत बघितला. कोणाच्या सिनेमात काय चाललंय ते कोणालाच कळत नव्हतं, तरी गप्पा पहाटेपर्यंत रंगल्या. त्या रात्रीपासून एकाच नावाच्या भुतांचा नाद लागला.

*

मोबाइलच्या नोट्समध्ये मी एक यादी ठेवली आहे. तिच्यात सगळ्यात मजेशीर नोंद 'बीस साल बाद'ची. वहिदा रेहमान आणि विश्वजीत यांचा पहिला 'बीस साल बाद' १९६२ मध्ये आला. त्याच नावाचा दुसरा, मिथुन आणि डिंपलचा, आला १९८८ मध्ये. म्हणजे बरोबर सव्वीस सालांनी. नाव ठेवताना कोणी हिशेब केला नसावा.

विक्रम भट यांच्या '१९२०' ची गंमत वेगळी आहे. पहिला २००८ चा. मग 'इव्हिल रिटर्न्स', मग 'लंडन', मधेच '१९२१', आणि २०२३ मध्ये परत १९२०. त्या एका वर्षात इतकी भुतं कुठून आली कोण जाणे. आमच्या नागपूरकडे १९२० म्हटलं की शाळेत शिकवलेलं काँग्रेसचं अधिवेशन आठवतं आणि असहकाराचा ठराव.

मराठीत आपणही मागे नाही. 'एक डाव भुताचा' १९८२ मध्ये अशोक सराफ आणि दिलीप प्रभावळकरांनी खेळला, २०२४ मध्ये सिद्धार्थ जाधव आणि मकरंद अनासपुरे यांनी. महेश कोठाऱ्यांनी १९९३ मध्ये 'झपाटलेला' केला आणि २००४ मध्ये 'पछाडलेला'. अर्थ तोच, शब्द बदलला. पण माझी आवडती जोडी नावं जुळणारी नाही, एकाच जागेवरून उचललेली आहे. १९७६ चा 'हा खेळ सावल्यांचा' आणि २०१६ ची मालिका 'रात्रीस खेळ चाले'. ही दोन्ही नावं त्या सिनेमातल्या एकाच गाण्यातून आली आहेत. सुधीर मोघ्यांनी लिहिलेल्या एका गाण्यानं चाळीस वर्षांच्या अंतरानं दोन भयकथांची बारशी केली.

आणि 'ग्रहण'. झी मराठीवर २०१८ मध्ये लागलेली 'ग्रहण' नारायण धारपांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर होती. २०२१ मध्ये हॉटस्टारवर हिंदी 'ग्रहण' आली, तेव्हा माझी रूममेट भुताच्या अपेक्षेनं रात्री दिवे घालवून बसली. ती मालिका १९८४ च्या शीखविरोधी दंगलीवरची निघाली. तिच्यात भूत नव्हतं. दोन भाग बघून तिनं दिवे लावले आणि म्हणाली, "हे जास्त भयंकर आहे."

*

एक नाव दोघांनी घेतलं तर भांडण होत नाही का? होतं. निर्माते आपापल्या संघटनांकडे शीर्षकं नोंदवतात, त्यावरून वाद होतात, तडजोडी होतात. पण कायद्याच्या नजरेत नुसत्या शीर्षकावर कोणाचा कॉपीराइट नसतो. 'देसी बॉईज' या सिनेमाच्या नावावरून एका लेखकानं केलेली तक्रार थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. २०१५ मध्ये न्यायालयानं सांगितलं की कथेवर हक्क असू शकतो, दोन साध्या शब्दांच्या नावावर नाही.

भयकथांच्या बाबतीत हे आणखी अवघड, कारण नावं मुळातच लोकांची असतात. मे २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर 'बेताल' यायची होती. त्याच्या तोंडावर दोन लेखक मुंबई उच्च न्यायालयात गेले. आमच्या 'वेताळ' नावाच्या संहितेतून हे घेतलंय, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयानं प्रदर्शन थांबवलं नाही. मला त्या खटल्याच्या निकालापेक्षा शब्दाचीच मजा वाटली. वेताळ म्हणजे विक्रमाच्या पाठीवर बसून गोष्टी सांगणारा. आपल्या चांदोबातला. गोव्यात आमोण्याला तोच वेताळ देव आहे, त्याचं देऊळ आहे, गावाची राखण त्याच्याकडे. आणि नेटफ्लिक्सवर तो इंग्रजांच्या मेलेल्या पलटणीला घेऊन बोगद्यातून बाहेर येतो. राखणदार, गोष्टी सांगणारा आणि मारेकरी अशी तिन्ही कामं एकाच नावावर.

नावाच्या सारखेपणानं सगळ्यात मोठा उलथापालथ केली ती मात्र अमेरिकेत. जॉर्ज रोमेरोच्या एका स्वस्तातल्या सिनेमाचं नाव होतं 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स'. पण 'द फ्लेश ईटर्स' नावाचा सिनेमा १९६४ मध्ये येऊन गेला होता. गोंधळ नको म्हणून १९६८ मध्ये वितरकानं ऐनवेळी नाव बदललं, 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' अशी नवी पाटी चढवली. जुन्या पाटीवर कॉपीराइटची ओळ होती, नव्या पाटीवर ती टाकायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात ती ओळ नसली की हक्क गेला. सिनेमा पहिल्या दिवसापासून सार्वजनिक मालकीचा झाला. आज तुम्ही-आम्ही ज्याला झोंबी म्हणून ओळखतो, तो हळूहळू पाय ओढत माणसं खाणारा मुडदा, कोणाचीही परवानगी न घेता जगभर फिरू शकला त्याचं एक मोठं कारण ही विसरलेली ओळ.

पुढे तर नावाचीही वाटणी झाली. सहलेखक जॉन रूसोच्या वाट्याला 'लिव्हिंग डेड' हे शब्द आले, रोमेरो नुसत्या 'डेड'वर पुढचे सिनेमे करत राहिला. १९८५ मध्ये दोघांच्या घराण्यांतून एकेक सिनेमा आला, 'रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड' आणि 'डे ऑफ द डेड'. इटलीत रोमेरोचा 'डॉन ऑफ द डेड' हा 'झोंबी' नावानं लागला होता, म्हणून तिथल्या लुचो फुलचीच्या सिनेमाला १९७९ मध्ये सरळ 'झोंबी २' नाव दिलं. पहिल्याशी कथेचा काही संबंध नसताना. असं करत करत ते मुडदे २०२२ मध्ये डोंबिवलीला पोहोचले आणि मराठीला 'झोंबिवली' मिळाला.

*

इथवर यादी मजेची होती. मग तिच्यात उलट्या नोंदी व्हायला लागल्या, म्हणजे गोष्ट एक आणि नावं वेगवेगळी.

विशाल फुरियाचा 'लपाछपी' २०१७ मध्ये आला. ऊसाच्या शेतात अडकलेली गरोदर बाई आणि जन्मू न दिलेल्या मुली. २०२१ मध्ये त्याच दिग्दर्शकानं तीच गोष्ट हिंदीत सांगितली, नाव झालं 'छोरी'. मराठी नाव खेळाचं, हिंदी नाव थेट जिच्यावर अन्याय झाला तिचं. नाव बदलल्यावर आपण कोणाकडे बघत सिनेमा सुरू करतो तेही बदलतं.

'तुंबाड'ची गोष्ट तर मला पाठ आहे. राही अनिल बर्वेला १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात मित्रानं नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली आणि त्याची घाबरगुंडी उडाली. नागझिरा म्हणजे आमच्या विदर्भातलं. धारपांची कथा 'आजी', आणि ती बेतलेली होती स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा'वर, जी त्याच्या १९८५ च्या 'स्केलेटन क्रू' संग्रहात आहे. म्हातारीजवळ एकटं राहिलेलं पोर, ही त्यातली भीती. २०१८ मध्ये सिनेमा आला तेव्हा त्याला नाव मिळालं श्री. ना. पेंडश्यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून. त्या कादंबरीत भयकथा नाही, खोतांच्या पिढ्यांची कहाणी आहे. म्हणजे भीती अमेरिकेची, ती मराठीत आणली धारपांनी, ऐकली गोंदिया-भंडाऱ्याच्या जंगलात, आणि नाव कोकणातल्या गावाचं. सिनेमा २०२४ मध्ये पुन्हा थिएटरात लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला.

यादीतली पुढची नोंद 'चकवा'. २००४ चा मराठी सिनेमा, दिग्दर्शक जतीन वागळे, अतुल कुलकर्णी आणि मुक्ता बर्वे. नाव लिहून झालं आणि पुढे कंसात आपोआप लिहिलं गेलं, "आमच्या घरीपण आहे."

*

चकवा तुम्हाला माहीत असेल. रात्री ओळखीच्या वाटेवर माणूस फिरत राहतो आणि पुन्हा त्याच धुऱ्यावर येतो. आजीनं त्यावरचे उपायही शिकवले होते. चालायचं थांबायचं, जागच्या जागी बसायचं, बिडी असेल तर पेटवायची, तांबडं फुटेपर्यंत उठायचं नाही.

आमच्या घरची गोष्ट अशी. आबांचा लहान भाऊ, आम्ही त्याला लहान आबा म्हणायचो, हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्री शेतात गेला. आमच्याकडे शेताची लाईन रात्रीचीच असायची, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. मोटार चालू केली. मग त्याला चकवा लागला. रात्रभर तो स्वतःच्याच चार एकरांत फिरत राहिला आणि सकाळी विहिरीत सापडला. आजी गोष्टीच्या शेवटी दर वेळी एकच वाक्य म्हणायची, "त्याले चकव्यानं नेलं व माय." आम्ही पोरं गोधडीत पाय आखडून घ्यायचो. हे सगळं २००५ चं. मी तेव्हा दीड वर्षाची होते, त्यामुळे लहान आबा मला गोष्टीतलाच माहीत.

दुसऱ्या वर्षाला आमची गावात पोस्टिंग असते. घरोघरी जाऊन कुटुंबाची माहिती भरायची. सराव म्हणून पहिला फॉर्म आम्हाला आमच्याच घरचा भरायला सांगितला होता. त्यात कुटुंबातले मृत्यू आणि कारण असे रकाने होते. पणजी, वय झालं. आबा, हार्ट. लहान आबाच्या पुढे पेन थांबलं. मी बाबांना फोन लावला आणि हसतच विचारलं, "काय लिहू? चकवा?"

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आत्महत्या लिही. चिठ्ठी होती त्याची."

त्या चिठ्ठीत काय होतं ते मी विचारलं नाही. बाकीचं त्यांनी आपणहून सांगितलं. सोसायटीचं कर्ज होतं, सावकाराचं होतं, दोन वर्षं कापूस गेला होता. सातबारा पणजोबांच्या नावावर होता, त्यामुळे सरकारी मदतीच्या छाननीत प्रकरण 'अपात्र' ठरेल असं सगळ्यांनी सांगितलं, मग कोणी अर्जच केला नाही. घरात आत्याचं लग्न ठरायचं होतं. सकाळी विहिरीवर जमलेल्या लोकांतून कोणीतरी म्हणालं, चकवा लागला असंल. आजीनं तो शब्द उचलला.

पुढच्या वर्षी, जुलै २००६ मध्ये, पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. वर्धा त्या सहांत होता. तेव्हाच्या वर्तमानपत्रांत रोज एकच मथळा असायचा, जिल्ह्याचं नाव बदलून: 'आणखी एक बळी'. आपण शेतकऱ्याला बळीराजाही म्हणतो. २०२१ मध्ये मराठीत 'बळी' नावाचा भयपट आला, तोही 'लपाछपी'वाल्या विशाल फुरियाचा, हॉस्पिटलमध्ये घडणारा. माझ्या यादीत तो आहे. त्याच्यासमोर कंस मी रिकामा ठेवला आहे, कारण त्यात किती गावांची नावं लिहायची?

एका माणसाच्या मरणाला मग तीन शीर्षकं झाली. घरात चकवा. कागदावर, अर्ज केला असता तर, अपात्र. पेपरात आला असता तर, बळी. तिन्ही शीर्षकं आधीच शेकडो जणांना देऊन झालेली. आणि शीर्षक ओळखीचं असलं की आपण म्हणतो, हा बघितलाय. पुढे जातो.

आजीवर मला राग आला नाही. तिला दिराचं मरण पोरांना सांगायचं होतं आणि सांगण्यासारखा शब्द तिच्याकडे एकच होता. भुताच्या नावाखाली का होईना, ती गोष्ट तिनं वीस वर्षं दर दिवाळीत सांगितली. घरातल्या बाकी कोणी तर त्याचा विषयही काढला नाही. आता वाटतं, त्या गोष्टीतला रात्रभर स्वतःच्याच शेतात फिरणारा माणूस तिनं बनवलेला नव्हता. वाट सापडत नव्हती, हे खरंच होतं.

*

तिसऱ्या वर्षापासून आमच्या नाइट ड्यूट्या सुरू झाल्या. वर्धा-यवतमाळ रस्त्यावरचं हॉस्पिटल, त्यामुळे दोन्हीकडची खेडी येतात. जुलै ते ऑक्टोबर कपाशीवर फवारणीचे दिवस. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विष अंगात जाऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर मेले, तेव्हापासून त्या दिवसांत सगळे सावध असतात.

नातेवाईक येतात ते शीर्षक घेऊन येतात. "फवारताना चढलं." "काही चावलं असंल." "बाहेरचं लागलं." कितीदा ते अगदी खरं असतं. कितीदा एकाच शीर्षकाखाली वेगळीच गोष्ट असते. विषबाधेची केस आली की पोलिसांना कळवावं लागतं हे लोकांना माहीत असतं. आत्महत्येचा प्रयत्न हा कितीतरी वर्षं गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ती भीती काढली. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा नाही, उपचार आणि आधार द्यायचा, असं त्यात लिहिलं आहे. पण कायदा खेड्यात पोहोचायला भुतापेक्षा जास्त वेळ लागतो. आणि शीर्षकानं फरक पडतो. सलाइन, इंजेक्शन दोन्हीकडे लागेल, पण 'फवारताना चढलं' एवढंच कागदावर राहिलं तर मानसोपचारवाल्यांना कोणी बोलावत नाही. माणूस बरा होऊन त्याच घरी, त्याच कर्जात परत जातो.

आम्हाला हिस्टरी घ्यायला शिकवतात तेव्हा सांगतात, पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहा. मी लिहिते. 'बाहेरचं लागलं' असं अवतरणचिन्हांत लिहिते, खोडत नाही, हसत नाही. त्याच्याखाली एक ओळ मोकळी ठेवते.

गेल्या सप्टेंबरात रात्री अडीचला एक मावशी मुलाला घेऊन आली. मुलगा पंचविशीतला, शुद्धीवर होता पण कोणाकडे बघत नव्हता. मावशीनं हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती, आणि पाठ केल्यासारखं सांगत होती, "चकवा लागला जी त्याले. वावरात फिरत होता रातभर. बाकी काई नाई." ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी त्याला तपासायला घेतलं. मी तिला बाजूला बाकावर आणलं, पाणी दिलं. चकवा असतो की नसतो यावर काही बोलले नाही. विचारलं, "मावशी, त्याच्या आधी किती दिवसांपासून झोपला नव्हता तो?"

तिनं माझ्याकडे बघितलं. पिशवी खाली ठेवली. "पोया झाल्यापासून," ती म्हणाली, आणि मग पोळ्याच्या दिवशी घरी कोण आलं होतं तिथपासून सांगायला लागली. सकाळी मानसोपचार विभागाचे लोक येईपर्यंत माझी मोकळी ठेवलेली ओळ भरून पान उलटलं होतं. जाताना मी तिला टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर कागदावर लिहून दिला. नंबरासमोर काय लिहू, म्हणून विचारलं.

"त्याचं नाव लिही," ती म्हणाली.